मसाजनंतर शरीरात नेमकं काय बदलतं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखरी मान, आखडलेले खांदे, धरलेली कंबर हे माझं रोजचं काम. मसाजवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर जे जे खपवलं जातं त्याबद्दल मला तळमळीने बोलायचं आहे. पाठीचा कणा सरळ होईल, सुरकुत्या जातील, शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातील, असं ऐकून माणूस मसाजला जातो. त्यातलं काही घडलं नाही की निराश होतो. पण त्या तासाभरात जे खरोखर घडलेलं असतं, ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

एक साधी गोष्ट घ्या. मसाजआधी मान उजवीकडे वळवताना अर्ध्यात अडत होती. नंतर ती सहज वळते. हा फरक खरा आहे, तुम्ही आरशात पाहू शकता. मग आत काय बदललं? बहुतेकांना वाटतं, आवळलेला स्नायू दाबून लांब केला, चिकटलेली आवरणं सुटी केली. स्नायूंभोवती फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा फॅशिया आणि तळपायाचा फॅशिया हाताने किती ताणता येईल, याचं गणित 2008 साली एका संशोधक गटाने मांडलं. त्यांचा आकार एक टक्का बदलायलाही लागणारं बळ माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं निघालं. आपला फॅशिया इतका मऊ असता तर नुसत्या खुर्चीवर बसण्यानेही तो वेडावाकडा झाला असता.

लॅक्टिक आम्लाचंही तसंच. व्यायामानंतर ते स्नायूत साचून राहतं आणि मसाजने निघून जातं, हा समज अजून टिकून आहे. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते आपलं आपण वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही. विषारी द्रव्यांबद्दल एवढंच सांगते, की ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोहोचत नाही.

मग मान वळली कशी? स्नायू किती आवळून धरायचा आणि किती सैल सोडायचा, हे मेंदू आणि मज्जारज्जू सतत ठरवत असतात. एखादी हालचाल कुठवर सुरक्षित आहे, दुखण्याची सूचना कधी द्यायची, हेही तेच ठरवतात. त्वचा आणि स्नायूंमधून सावकाश, पुरेशा दाबाची, न दुखवणारी संवेदना बराच वेळ मिळत राहिली की ही राखण थोडी सैल होते. स्नायूची लांबी तेवढीच राहते, पण त्याला ताणलं जाणं आता जास्त सहन होतं. मसाजचं सामर्थ्य इथे आहे.

याला पुष्टी देणारा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन अभ्यासात जुनाट कंबरदुखीचे 401 रुग्ण होते. एका गटाला नुसता निवांत करणारा मसाज दिला. लांब सरकते हात, मळणं, हलकं थापटणं, असा तो प्रकार, ज्याला आपण स्वीडिश मसाज म्हणतो. दुसऱ्या गटाला नेमके स्नायू शोधून, दोष हेरून केलेला तांत्रिक मसाज दिला. तिसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. दहा आठवड्यांनी मसाजचे दोन्ही गट तिसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे बरे होते, पण त्या दोघांमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. वर्षभराने फायदाही बराचसा ओसरला होता. याचे दोन अर्थ मी घेते. एक, मसाजचा फायदा दोष दुरुस्त करण्यातून येत नसावा, कारण दोष न शोधणारा मसाजही तेवढाच लागू पडला. दुसरा, हा फायदा आपण मध्ये काही केलं नाही तर टिकत नाही. त्या मधल्या काळाकडे मी परत येणार आहे.

आता शरीराची ठेवण, म्हणजे पोश्चर. पोक काढून बसू नकोस, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं. हल्ली त्याला एक आकडा येऊन चिकटला आहे: मान साठ अंशांत वाकली की मानेवर 27 किलोंचा भार पडतो. हा आकडा 2014 सालच्या संगणकावरच्या प्रतिकृतीतून आला आहे. डोक्याचं वजन साडेचार ते पाच किलो असतं, ते पुढे गेलं की मानेच्या स्नायूंना जास्त ताण धरावा लागतो, यात शंका नाही. पण ताण म्हणजे इजा नव्हे. मानेच्या ऊती ताण सोसण्यासाठीच घडलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींची बसण्याची ठेवण मोजून त्यांचे गट पाडले, आणि कोणाची मान दुखते ते पाहिलं. वाकून बसणाऱ्या गटाची मान इतरांपेक्षा जास्त दुखत नव्हती.

मला वाटतं, या गोष्टीने अनेकांच्या मनावरचं ओझं उतरायला हवं. माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं स्वतःच्या पाठीला घाबरलेली असतात. दिवसभर खांदे मागे ओढून, छाती काढून, श्वास धरून ती ताठ बसतात, आणि त्या ताठरपणानेच संध्याकाळी त्यांच्या खांद्यात भरून येतं. एकच एक ठेवण, मग ती कितीही सुबक असो, तासन्‌तास धरून ठेवली की दुखणारच. शरीराला जागा बदलायला हवी असते. वाका, टेका, मांडी घाला, उठा.

म्हणजे पोक आलं तर येऊ द्यावं का? तसं मी म्हणत नाही. छातीचा मागचा भाग कडक झाला की हात डोक्यावर पूर्ण जात नाही, खोल श्वास घेताना फासळ्या नीट उघडत नाहीत. माणसाला स्वतःचं रूपही आवडेनासं होतं, आणि ते कारण मी क्षुल्लक मानत नाही. इथे मसाज मदत करू शकतो, पण एकटा नाही. पाठ आणि छातीचे स्नायू सैल झाले की काही तास, कधी एखादा दिवस, हालचाल सोपी जाते. हाच तो मधला काळ. त्या वेळात भिंतीला पाठ लावून दोन्ही हात सावकाश वर न्यावेत. रबरी पट्टा समोर बांधून तो कोपरं मागे नेत ओढावा. पालथं झोपून छाती थोडी उचलावी. शरीराला मिळालेली मोकळी हालचाल ताकदीने वापरली, की मेंदू ती आपली म्हणून धरून ठेवायला लागतो. बहुतेक जण नेमकं उलट करतात. मसाज झाला, बरं वाटलं, लगेच जाऊन पुन्हा त्याच खुर्चीत चार तास हलायचं नाही.

उतारवयातल्या पोकाबद्दल वेगळं सांगायला हवं. साठी-सत्तरीत उंची कमी होत चालली असेल, पाठीचा बाक वाढत असेल, तर त्यामागे ठिसूळ हाडांमुळे पिचलेले मणके असू शकतात. बऱ्याचदा ते दुखलेलेही नसतात. अशा पाठीवर जोराचा दाब म्हणजे नवं फ्रॅक्चर ओढवून घेणं. आधी हाडांची घनता तपासा. पाठीच्या स्नायूंचे व्यायाम या वयातही लागू पडतात, फक्त ते शिकून, देखरेखीखाली करावेत.

त्वचेकडे वळू. चेहऱ्यावर वय दिसतं त्यातला मोठा वाटा वर्षांचा नसून उन्हाचा असतो. 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. वय 69, त्यातली 28 वर्षं ट्रक चालवण्यात गेलेली. खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांची, लोंबलेली. उजवी त्या मानाने तरुण. माणूस एक, चेहरा एक, खाणंपिणं एक. फरक फक्त काचेतून आरपार येणाऱ्या अतिनील ए किरणांचा. हे किरण त्वचेच्या आतल्या थरापर्यंत जातात आणि कोलॅजेन तोडणारी विकरं जागी करतात. कोलॅजेन हे त्वचेला भक्कमपणा देणारं प्रथिन. त्याची नवी निर्मिती वयाबरोबर मंदावते, आणि स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट फार वेगाने होते.

चेहऱ्याच्या मसाजने काय होतं? रक्त पृष्ठभागाशी येतं म्हणून लाली आणि तजेला दिसतो. डोळ्यांखाली, गालांवर साचलेलं पाणी लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे ऊतींमधलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या, दिशेने सरकतं, सूज उतरते, जबड्याची रेषा उठून दिसते. सोबत लावलेल्या तेलाने किंवा क्रीमने वरचा मृत पेशींचा थर ओलावा धरतो आणि कोरडेपणामुळे आलेल्या बारीक रेषा बुजतात. हे सगळं खरं आहे, छान आहे, आणि काही तासांचं आहे. समारंभाच्या दिवशी सकाळी जरूर करा. पण यातून आतलं कोलॅजेन परत येत नाही.

ज्याला त्वचेचं म्हातारपण खरोखर लांबवायचं आहे, त्याने आधी सनस्क्रीन घ्यावं. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 55 वर्षांखालच्या 903 जणांचा साडेचार वर्षं मागोवा घेतला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचं म्हातारपण दुसऱ्या गटापेक्षा 24 टक्क्यांनी कमी आढळलं. दुसरं साधन ट्रेटिनोइनसारखी अ जीवनसत्त्वाची रूपं. ऊन लागून सुरकुतलेल्या त्वचेवर त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी 1986 साली दाखवलं. परिणाम दिसायला महिने लागतात, सुरुवातीला त्वचा सोलवटते, आणि गरोदरपणात ते वापरायचं नसतं. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच. ज्यांच्या चेहऱ्यावर वांग आहेत किंवा गाल सतत लाल राहतात, त्यांनी गरम वाफ टाळावी; उष्णतेने दोन्ही बळावतात.

आता या विषयातला मला सर्वांत जवळचा भाग. स्पर्श. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाठ, चेहरा इथे, काही अतिशय मंद मज्जातंतू असतात. टाचणी टोचली हे सांगणारे तंतू घाईत असतात, यांना घाई नाही. सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने ते संदेश नेतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या मज्जातंतूत बारीक सुई घालून त्यांचे संकेत टिपले. हे तंतू सर्वांत जास्त प्रतिसाद देतात तो सेकंदाला साधारण तीन सेंटीमीटर वेगाने फिरणाऱ्या, त्वचेइतक्या उबदार, हलक्या स्पर्शाला. फार जलद हात फिरवला तर प्रतिसाद कमी, फार सावकाश फिरवला तरी कमी. आई बाळाला कुरवाळते त्याच वेगाची ही वाट आहे. तिचा संदेश मेंदूच्या ज्या भागात पोहोचतो, तिथे शरीराच्या आतल्या अवस्थेची, बरं वाटण्या-न वाटण्याची दखल घेतली जाते.

बाळांचाच विषय निघाला म्हणून सांगते. 1986 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दहा दिवस, रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं मसाज आणि हातापायांची हालचाल दिली. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वेगाने वाढलं, दूध तेवढंच घेऊनही. नंतरच्या कामात असंही दिसलं की निव्वळ गुदगुल्यांइतका हलका हात उपयोगाचा नाही, मध्यम दाब लागतो.

मोठ्यांमध्ये, अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर मसाजच्या मालिकेनंतर चिंता आणि उदासी चांगल्यापैकी कमी होते. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मात्र फारसं घटत नाही, जाहिराती काहीही म्हणोत. तरी मन हलकं होतं, आणि त्यासाठी आपल्याला रक्तातल्या आकड्याची परवानगी लागू नये. तासभर कुणी काही मागत नाही, फोन दूर आहे, आणि एक माणूस पूर्ण लक्ष देऊन आपल्या दुखऱ्या जागेवर हात ठेवून आहे. किती प्रौढ माणसांच्या वाट्याला हे रोज येतं?

मसाज कधी करू नये, हे विसरून चालणार नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे हात लावू देऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजी जखम असेल तर थांबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, गरोदरपण असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर थेरपिस्टला आधी सांगा. बधिर पायाला गरम दगडाचा चटका कळत नाही. मान झटका देऊन कडकन मोडू देऊ नका; मानेतल्या रक्तवाहिनीला चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. आणि जितकं दुखेल तितका गुण येतो, हे मनातून काढून टाका. दाताखाली ओठ दाबून सोसलेला मसाज चेतासंस्थेला धोक्याचीच सूचना देतो, आणि सैल व्हायला आलेला स्नायू पुन्हा आवळतो. जास्त होतंय, हे सांगायचा तुमचा अधिकार आहे. ते ऐकून हात हलका न करणाऱ्या थेरपिस्टकडे परत जाऊ नका.

शेवटी श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न घेते: घरातल्या माणसाने केलेला मसाज चालतो का? चालतो, आणि मी तो आवर्जून सुचवते, विशेषतः घरातल्या वृद्धांसाठी. जोडीदार गेल्यावर कित्येकांना महिनोन्‌महिने कुणाचा हात लागत नाही. लागतो तो रक्तदाब मोजण्यापुरता. आधी विचारा, त्यांना नको असेल तर आग्रह करू नका. हात धुऊन, चोळून ऊबदार करून घ्या. वास नसलेलं साधं तेल किंवा क्रीम चालेल. वृद्ध त्वचा पातळ असते, म्हणून घासू नका, सरकवा. तळहात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग सर्वांत सोपा. मनगटापासून कोपरापर्यंत हात न्यायला आठ-दहा सेकंद लागू द्या. मणका, मानेची पुढची बाजू, गुडघ्यामागची खोबण आणि फुगलेल्या शिरा सोडून द्या. एका हाताला पाच मिनिटं पुरतात.