हापूस आबा आणि कोरा ठिपका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘देवनागरीचा पिक्सेल फॉन्ट’, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी घडवलेली अक्षरं. त्याकडे येतोच. आधी आबांचं ऐका.

गेल्या मोसमात आमच्या नाक्यावरच्या फळवाल्याने पळत्या अक्षरांचा एलईडी बोर्ड लावला. लाल ठिपक्यांत मजकूर पळे: ‘हापूस आबा मिळेल’. मी उभा राहून तीनदा वाचलं. म्हटलं, "अहो, अनुस्वार कुठे गेला?" त्याने मोबाइल काढून दाखवला. टाइप केला होता हो! फक्त बोर्डावर शिरोरेषेला चिकटून तिच्यातच मुरला होता. (पहिल्या रांगेतले आबा हसतायत, म्हणजे अस्सल देवगडचे दिसतात.) पेट्या खपल्या, त्याचं काही अडलं नाही. झोप उडाली ती माझी.

कारण मला चित्रकार-डिझायनर सुझन केअर आठवल्या. ॲपलच्या 1984 च्या मॅकिंटॉश संगणकासाठी त्यांनी ‘शिकागो’ फॉन्ट काढला. त्यांनी आणि मॅकिंटॉशचे प्रोग्रामर अँडी हर्ट्झफेल्ड यांनी आधी फॉन्टना फिलाडेल्फियाच्या लोकलमार्गावरच्या स्टेशनांची नावं दिली होती. स्टीव्ह जॉब्स म्हणाले, नावं हवीत तर जगातल्या मोठ्या शहरांची द्या. आपल्याकडे असतं तर नेरळ, भिवपुरी, कर्जत... असो. तर त्या पडद्यावर 512 गुणिले 342 ठिपके, फक्त काळे आणि पांढरे. करडा नाहीच. मग मेनूतला बंद पर्याय फिका कसा दाखवायचा? एकाआड एक ठिपका पुसून. शिकागोचे उभे दांडे दोन ठिपके जाड, म्हणून निम्मे ठिपके गेले तरी अक्षर वाचता येतं. जाडी नटण्यासाठी नव्हती, पुसलं जाण्याची ती तयारी होती!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

जुन्या आर्केड खेळांत अक्षराला आठ बाय आठची चौकट. अक्षर सातात, उरलेली ओळ आणि उरलेला रकाना कोरा. ‘पॅक-मॅन’चे गुण आठवा, 1980 चे. आज ‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा फुकट फॉन्ट त्याच घराण्यातला. खेळांत, पोस्टरांवर सर्रास दिसतो. रोमनला तो कोरेपणा परवडतो. आपलं गणित बघा: आठ ओळींतली शिरोरेषेला एक, वर मात्रा-वेलांटीला दोन, खाली उकाराला दोन. उरल्या तीन. तीन ओळींत ‘क’ काढून दाखवा, जेवण माझ्याकडून.

म्हणून सोळा ओळी. वर चार, शिरोरेषा एक, अक्षराचं अंग आठ, उकाराला तीन. आणि वरच्या चारांतली शिरोरेषेलगतची ओळ अनुस्वाराखाली कोरी सोडायचीच. मात्रेने तिच्यातून खुशाल खाली उतरावं. जगभरच्या लिप्यांसाठीचा ‘युनिफॉन्ट’ हा ठिपक्यांचा फॉन्टही सोळा ओळींचाच आहे. किंमत मोजावी लागते: 128 गुणिले 64 च्या चिमुकल्या पडद्यावर रोमनच्या आठ ओळी मावतात, आपल्या चार. मावू देत चारच. आंबा आंबा राहील.

जोडाक्षरं राहिली. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ सोळा ओळींत बसवून आणलाय, ग्राफ पेपर पिशवीत आहे. अध्यक्ष उठलेच. चहाच्या टेबलाशी या, तिथे उलगडतो.