पावणेसात वाजले : संगणकाला मराठीत वेळ सांगायला लावताना

नमस्कार मंडळी. आत्ता या टेबलावरच्या डबीतून 'संध्याकाळचे सव्वासहा वाजले' असं तुम्ही ऐकलंत. माझं बोलणं चालू असताना ती साडेसहाला बोलेल, पावणेसातला बोलेल. मी तिला गप्प करणार नाही, कारण आजचा विषयच ती आहे. हातात मावणारा छोटा संगणक, त्याला जोडलेला साधा स्पीकर आणि दर पंधरा मिनिटांनी वेळ सांगणारा एक प्रोग्रॅम, एवढाच हा मामला. ज्यांना थोडं प्रोग्रॅमिंग येतं त्यांना वाटेल, दहा ओळींचं काम, त्यात व्याख्यान कसलं? दहा ओळींत संगणक बोलतो हे खरं. पण आपल्या घरातला माणूस त्याच्यावर विसंबून औषध घेईल, असं बोलायला लागायचं तर बराच विचार करावा लागतो.

आधी हे कुणासाठी करायचं ते बोलू. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी २ लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव द्यायला सांगितलं. राजाबाईंना दिसत नव्हतं. त्या जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला हवं. टॉवरच्या टोल्यांमुळे त्यांना कुणालाही न विचारता जेवणाची वेळ कळायची, असं सांगतात. आख्यायिका असेल, पण त्यातलं 'कुणालाही न विचारता' मला फार मोलाचं वाटतं. ज्याला दिसतं तो भिंतीकडे दिवसातून कितीदा पाहतो, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. ज्याला दिसत नाही त्याला तेवढ्या वेळा विचारावं लागतं, आणि थोड्या दिवसांनी तो विचारणंच सोडून देतो.

दृष्टिहीन माणसं संगणक वापरतात ती स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीनं. एनव्हीडीए हा त्यातला फुकट मिळणारा आणि आपल्याकडे भरपूर वापरला जाणारा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये लिहायला घेतला. ते स्वतः दृष्टिहीन. त्यात इन्सर्ट धरून एफ १२ दाबलं की वेळ ऐकू येते, लगेच पुन्हा दाबलं की तारीख. ही सोय चांगलीच आहे, पण तिथेही विचारावं लागतं. आपोआप येणाऱ्या आवाजाचं काम वेगळं आहे. तो ऐकून वेळ किती सरली याचा अंदाज राहतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर काही विचारायचं आहे हेच आठवत नाही. दुपारी झोपून सहाला उठलेल्या आजोबांना सकाळ झाली की संध्याकाळ, ते उमगत नाही. त्यांना 'संध्याकाळचे' हा शब्द आकड्याइतकाच लागतो, कदाचित जास्तच.

यंत्रानं वेळ बोलून दाखवणं जुनं आहे. पॅरिसच्या वेधशाळेचा फोन वेळ विचारणाऱ्यांमुळे सतत अडकलेला असायचा. तिथले संचालक एर्नेस्ट एस्क्लांगॉन यांनी फोनवर उत्तर देणारं बोलकं घड्याळ करवून घेतलं आणि १४ फेब्रुवारी १९३३ ला ते सुरू झालं. इंग्लंडमध्ये टपाल खात्यानं २४ जुलै १९३६ ला तशीच सेवा सुरू केली. तिचा आवाज एथेल जेन केन या लंडनच्या टेलिफोन ऑपरेटरचा. आदल्या वर्षी खास स्पर्धा घेऊन तो निवडला होता आणि काचेच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केला होता. दोन्हीकडे युक्ती एकच होती. तास वेगळा, मिनिटं वेगळी, सेकंद वेगळे रेकॉर्ड करायचे आणि यंत्रानं ते वेळेबरहुकूम एकापुढे एक वाजवायचे.

मराठीत ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. 'सतरा वाजून पंचेचाळीस मिनिटं' हे बरोबर आहे, पण घरात असं कोण बोलतं? आपण म्हणतो पावणेसहा. सतराचा त्यात पत्ता नाही आणि पंचेचाळीसचाही नाही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी बोलणारं घड्याळ मराठीसाठी फार सोयीचं, कारण पूर्ण, सव्वा, साडे आणि पावणे या चार टप्प्यांवरच आपली रोजची वेळ उभी आहे.

आता हे संगणकाला कसं शिकवायचं ते नीट बघू. मिनिटं शून्य असतील तर नुसता तास. पंधरा असतील तर तासाआधी 'सव्वा', तीस असतील तर 'साडे'. पंचेचाळीस असतील तर 'पावणे', पण तास पुढचा घ्यायचा. पाच पंचेचाळीसला पावणेसहा. हा झाला नियम. आता अपवाद. साडेएक नाही, दीड. साडेदोन नाही, अडीच. बारा पंचेचाळीसला पावणेएक म्हणत नाहीत, नुसतं पाऊण. सव्वा वाजला म्हटलं की तो एकचाच सव्वा, तिथे आकडाच लागत नाही. हल्ली 'सव्वाएक' सर्रास ऐकू येतं आणि ते कुणाला खटकत नाही. पण ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी डबी करत असाल तर 'सव्वा वाजला' असंच ठेवा.

मग क्रियापद. पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला, हे चार एकवचनी आणि नेमके ओळीनं येणारे. पावणेदोनपासून पुढे सगळे 'वाजले'. त्यांच्या आधीचा शब्दही त्याप्रमाणे बदलतो. दुपारचा दीड वाजला, पण दुपारचे अडीच वाजले. प्रोग्रॅममध्ये हे दोन ओळींचं काम आहे, ते केलं नाही तर 'दुपारचे एक वाजले' असं काहीतरी ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

दिवसाचे भाग ठरवताना मी चार ते सहा पहाट, सहा ते बारा सकाळ, बारा ते चार दुपार, चार ते सात संध्याकाळ आणि बाकी रात्र असे केले आहेत. पण तास मोजताना जो तास बोलला जातो तो धरायचा. तीन पंचेचाळीसला आपण 'पहाटेचे पावणेचार' म्हणतो, रात्रीचे म्हणत नाही. याच हिशेबानं अकरा पंचेचाळीसला 'दुपारचे पावणेबारा' येतं. त्यावर दुमत होईल, काही घरांत बारापर्यंत सकाळच असते. ज्याच्यासाठी घड्याळ करताय त्याला विचारा आणि तसं बदला.

आवाज कुठून आणायचा? ईस्पीक एनजी हा मोफत प्रोग्रॅम देवनागरीतलं वाक्य दिलं की मराठीत बोलतो. त्याचं मूळ जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो माणसानं बोललेले शब्द साठवून ठेवत नाही, स्वर गणितानं तयार करतो, म्हणून आकारानं चिमुकला आणि इंटरनेटशिवाय चालणारा. उच्चार यांत्रिक वाटतात. स्क्रीन रीडरवर भरभर ऐकायची सवय असलेल्यांची त्याबद्दल तक्रार नसते. कमी ऐकू येणाऱ्या आजीला मात्र तो आवाज कळत नाही.

तिच्यासाठी सरळ रेकॉर्डिंग करा. बारा तासांत पंधरा-पंधरा मिनिटांचे ४८ टप्पे, म्हणजे ४८ छोटी वाक्यं. दिवसाचे भाग धरले तर दिवसभराची ९६. एका बैठकीत होतात. 'साडे' एकदा, 'चार' एकदा असे तुकडे करून जोडू नका. 'साडेचार' हा आपण एका दमात म्हणतो, तुकडे जोडल्यावर मध्ये खाच ऐकू येते आणि सूर चढतो तिथे उतरतो. दर मिनिटाला बोलणारं घड्याळ हवं असेल तर तुकड्यांशिवाय गत्यंतर नाही. मग मराठीत आणखी एक काम वाढतं. एकोणतीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, एकावन्न हे आकडे दशक आणि एकक जोडून बनत नाहीत, त्यामुळे एक ते एकोणसाठ प्रत्येक आकडा स्वतंत्र बोलून घ्यावा लागतो.

(इथे डबीनं साडेसहा वाजल्याचं सांगितलं.)

ऐकलंत? बोलण्याआधी घंटेचा एक ठोका आला. तो कशासाठी, ते थोड्या वेळानं सांगतो. आधी वेळेवर बोलण्याचं बघू.

नवखा प्रोग्रॅमर साधारण असं लिहितो : वेळ बोल, ९०० सेकंद थांब, पुन्हा बोल. बोलायला समजा ३ सेकंद लागतात. मग प्रत्येक फेरी ९०३ सेकंदांची होते. दिवसाला ९६ फेऱ्या, म्हणजे २८८ सेकंद. एका दिवसात घोषणा जवळजवळ पाच मिनिटं मागे सरकते. थांबायचं असेल तर पुढच्या टप्प्याला किती सेकंद उरलेत ते दर वेळी नव्यानं काढून तेवढंच थांबायचं.

तिथे एक मजेदार खाचखळगा आहे. संगणक वेळ मोजतो १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून सरलेल्या सेकंदांत. त्या आकड्याला ९०० नं भागून बाकी काढली तर भारतात पाव तासाचे टप्पे बरोबर सापडतात. पण दर तासाला बोलायचं म्हणून ३६०० नं भागलंत, तर इथे घड्याळ साडेपाचला बोलेल, साडेसहाला बोलेल, पुऱ्या तासाला कधीच बोलणार नाही. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत, त्या अर्ध्या तासाचा हा परिणाम. तेव्हा स्थानिक वेळ विचारूनच हिशेब करा. न्यू जर्सीत आईवडिलांसाठी कुणी हे करणार असेल तर त्यांना तर पर्यायच नाही, तिथे मार्चमध्ये एका रात्री घड्याळ तासभर पुढे जातं.

सगळ्यात सोपं म्हणजे थांबायचं काम आपण करूच नये, ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या क्रॉनवर सोपवावं. लिनक्स आणि मॅकवर तो असतोच. एका ओळीत पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मिनिटाच्या रकान्यात ०, १५, ३०, ४५ आणि तासाच्या रकान्यात ६ ते २१ लिहिलं की रात्री घर शांत झोपतं. विंडोजवर हेच काम टास्क शेड्युलर करतो. मॅकवर तर पूर्ण तास, अर्धा तास किंवा पाव तासाला वेळ बोलून दाखवण्याची सोय सेटिंगमध्येच आहे, पण पावणेसहा म्हणायचं असेल तर आपलाच प्रोग्रॅम हवा.

क्रॉन वापरताना बहुतेक जण एका ठिकाणी अडतात. प्रोग्रॅम हातानं चालवला की बोलतो, क्रॉननं चालवला की मुका. कारण क्रॉनला आपलं लॉगिन, आपल्या सेटिंग्ज, आवाजाचा सर्व्हर कुठे आहे, यातलं काहीच ठाऊक नसतं. ती माहिती प्रोग्रॅमच्या सुरुवातीला स्वतः लिहून द्यायची, आणि फायलींची नावं पूर्ण पत्त्यासह लिहायची.

आता तो घंटेचा ठोका. बरेच स्पीकर, विशेषतः ब्लूटूथचे, थोडा वेळ काही वाजलं नाही की झोपी जातात. जागं व्हायला त्यांना अर्धा-एक सेकंद लागतो आणि तेवढ्यात आलेला आवाज गिळला जातो. इंग्रजीत 'फाइव्ह थर्टी'चं पहिलं अक्षर गेलं तरी ऐकणारा सावरून घेतो. मराठीत अपूर्णांक आधी येतो. 'साडेपाच'मधला 'साडे' गेला की उरतं 'पाच'. ऐकणाऱ्याला काही चुकल्याची शंकाही येत नाही, कारण 'पाच वाजले' हे पूर्ण आणि शुद्ध वाक्य आहे. 'पावणे' गिळलं गेलं तर पाव तासाची चूक, 'साडे' गेलं तर अर्ध्या तासाची. म्हणून आधी ठोका वाजवायचा. गिळायचा तर स्पीकरनं तो गिळावा. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे टिक-टिक ठोके नेमका क्षण दाखवण्यासाठी असतात, आपला ठोका त्या मानानं साधा, पण ऐकणाऱ्याचे कान तयार करायचं काम तोही करतो. माझ्या वाक्यात 'संध्याकाळचे' आधी येतं तेही त्यासाठीच. दोन्ही हवेत, कारण दिवसाचा भाग गेलेलाही परवडत नाही.

शेवटची गोष्ट विजेची. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांत, चौथ्या पिढीपर्यंत, वीज गेल्यावर वेळ चालू ठेवणारं घड्याळच नसतं. पाचव्या पिढीत ते आलं, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज परत आली की हा संगणक आधी शेवटची साठवलेली वेळ धरून चालू होतो आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ घेतो. आता गावाकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. दोन तास वीज गेली, आली, पण नेट आलेलं नाही. डबी ठणठणीत आवाजात दोन तास जुनी वेळ सांगते आहे. ज्याला दिसतं तो बाहेर बघून म्हणेल, काहीतरी चुकतंय. ज्याच्यासाठी आपण हे केलं त्याला ताडून बघायला काही नाही.

म्हणून बोलण्याआधी प्रोग्रॅमनं संगणकाला विचारलं पाहिजे, तुझी वेळ जुळली आहे का? लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा ते सांगते. जुळली नसेल तर वेळ सांगायची नाही. नुसतं गप्पही बसायचं नाही, कारण डबी बंद पडली की काय, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. वेळेच्या वाक्यांबरोबर आणखी एक वाक्य रेकॉर्ड करून ठेवा, 'अजून वेळ जुळलेली नाही'. जमलं तर डीएस३२३१ ही बटण सेलवर चालणारी घड्याळाची चिप जोडा. ती वीज नसतानाही वेळ धरून ठेवते.

पावणेसातला मिनिटभर राहिलंय. ते ऐकू, आणि मग तुमचे प्रश्न घेऊ.