जुनी शिडाची नौका घेताना: यादीतल्या सामानाचं वय

(दृश्य: बेलापूरची खाडी, ओहोटी. गाळात टेकलेल्या होड्या.)

सदतीस-अडतीस फुटी, लांबच्या सफरीची, सर्व साधनांनी सज्ज नौका विकाऊ आहे. जाहिरातीत सामानाची ही लांबलचक यादी असते: चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारं यंत्र), रडार, ऑटोपायलट, वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र), सौर पॅनेल, लाइफराफ्ट (संकटात फुगवायचा तराफा). नवी मुंबईतून अशी नौका बघायला निघालात, तर आधी प्रत्येक वस्तूपुढे ती बसवल्याचं साल लिहून मागा. दहा वर्षं जुन्या प्लॉटरची किंमत शून्य धरा. लाइफराफ्टची शेवटची तपासणी कधी झाली, फ्लेअरवर (संकटाचा इशारा देणाऱ्या दारूच्या नळ्यांवर) मुदत काय छापली आहे, तेही बघा. सौदा खरा ठरतो तो हल (नौकेचं मुख्य अंग), कील (तळाखालचा जड पंख), डोलकाठी आणि इंजिनावर.

नौका आणून ठेवणार कुठे, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. या आकाराच्या नौकेची डोलकाठी पाण्यापासून सोळा मीटरच्या आसपास जाते. वाशीच्या पुलांखालून ती निघत नाही, म्हणजे ऐरोली-ठाण्याच्या बाजूची खाडी बाद. कील पाण्याखाली पावणेदोन-दोन मीटर; बेलापूर-नेरूळच्या गाळात ओहोटीला ती रुतणारच. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, अष्टमीला साधारण सहाला. चाचणीची वेळ पंचांग बघूनच ठरवा.

(दृश्य: किनाऱ्यावर टेकूंवर उभी नौका. कारागीर हातोडीनं डेक ठोकतो आहे.)

जून ते सप्टेंबर नौका पाण्याबाहेर असते, तळ बघायला हीच संधी. फक्त मॉइश्चर मीटरवर विसंबू नका. पावसाळी हवेत ओला पृष्ठभागच आकडा फुगवतो. प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घ्या आणि तळहाताएवढ्या अंतरानं तळ आणि डेक ठोकत जा. घट्ट फायबर टणक वाजतं. आवाज बोदा आला, तर आतल्या बाल्सा लाकडात किंवा प्लायमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. स्टँचियनचे (कठड्याच्या खांबांचे) पाय, हॅच (डेकवरची झाकणं) आणि चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या) यांच्याभोवती जास्त वेळ द्या. पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकातूनच. विकणाऱ्यानं परवानगी दिली तर एक स्क्रू काढून बघा. तपकिरी पाणी आलं, की त्या जागेचा डेक उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करायचा.

कील आणि हलच्या सांध्यावर, पुढच्या टोकाला आडवी भेग दिसते का? मग आत जाऊन कीलचे बोल्ट बघा. गंज ओघळलेला असेल, किंवा बोल्टभोवती फायबर तडकलेलं असेल, तर नौका कधीतरी खडकावर आपटली असावी. ‘कुठे लागली होती का?’ हा प्रश्न सरळ विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

डोलकाठीच्या तारा स्टेनलेस स्टीलच्या, वरून चकचकीत. कुजतात त्या टोकाच्या सळईवजा टर्मिनलच्या तोंडाशी आणि डेकमधून आत जाणाऱ्या चेनप्लेटमध्ये, जिथे खारं पाणी साचतं आणि हवा पोचत नाही. जाड कापूस तारेवरून फिरवा. धागा अडकला, म्हणजे एखादी लड तुटली आहे. तारांचं वय दहा-पंधरा वर्षं असेल, तर दिसायला कितीही बऱ्या असोत, सगळ्या बदलायच्या असं धरून चाला. विमा कंपन्याही हेच वय विचारतात.

इंजिन पूर्ण गारच हवं. पोचल्या पोचल्या ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागलं, तर ते आधी चालवून ठेवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी या. सुरू केल्यावर एक्झॉस्टमधून पाण्याच्या पिचकाऱ्या यायला हव्यात. त्या बारीक असतील, तर इम्पेलर (इंजिन गार करणारं पाणी खेचणारं रबरी चाक) गेला आहे किंवा एक्झॉस्टचा एल्बो (वाकडा पाइप) काजळीनं तुंबला आहे. निळा धूर तेल जळतंय असं सांगतो. काळा धूर आला आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन ठरलेल्या फेऱ्यांना पोचेना, तर आधी पाण्याखालचा पंखा बघा. आपल्या बंदरात त्यावर शिंपले-कालवं चढायला फार दिवस लागत नाहीत. सेलड्राइव्ह (इंजिनाची ताकद तळातून खाली पंख्याला देणारा पाय) असेल, तर त्याचा रबरी पडदा कधी बदलला ते विचारा. व्होल्वो पेंटा ही इंजिन कंपनी तो सात वर्षांनी बदलायला सांगते.

वॉटरमेकर मात्र खाडीत चालवून दाखवायचा हट्ट धरू नका. गढूळ पाण्यानं गाळण्या तुंबतात आणि तेलाच्या तवंगानं मीठ गाळणारं मेम्ब्रेनच निकामी होतं. तो तपासायचा मांडव्याच्या पुढे, स्वच्छ पाण्यात.

(दृश्य: कागदपत्रं, सीरियल नंबरांचे जवळून फोटो.)

नोंदणीच्या कागदावरचा हल नंबर ट्रान्समवरच्या (नौकेच्या मागच्या भिंतीवरच्या) नंबराशी जुळवा. युरोपातल्या नौकांवर तो मागच्या बाजूला, उजवीकडे कोरलेला असतो. इंजिनाचा नंबरही कागदाशी ताडून बघा. परदेशातून आलेली असेल, तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयातीची नोंद) मागा. फुकेत किंवा लंगकावीहून घेत असाल, तर यादीतल्या इरिडियम किंवा थुराया या उपग्रह फोनवर बोट ठेवा: भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गार्मिनचं इनरीच हे संदेश पाठवायचं छोटं यंत्र इरिडियमवरच चालतं, तेव्हा तेही त्यात आलं. नौका निघण्याआधी ही उपकरणं विकणाऱ्याला उतरवून घ्यायला सांगा आणि करारातल्या यादीतूनही ती काढा. बाकी प्रत्येक वस्तू सीरियल नंबरासकट लिहा, आणि टोकन ‘तपासणी व समुद्रचाचणी समाधानकारक झाल्यास’ या अटीवरच द्या.