आधी प्रेशर बघा, मग पीक

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बरेच जण औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये, आहेत आणि काही जण एम.एस्सी. संपवून लवकरच तिथं जाणार आहेत. तारापूर असो, वाळूज असो की गोव्यातलं वेर्णा, तुमची अर्धी शिफ्ट एचपीएलसीपुढेच, म्हणजे पंपानं ढकललेल्या द्रवाच्या मदतीनं औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनपुढेच, जाते. म्हणून आज थिअरी बाजूला ठेवून मशीनबद्दल बोलतो, आणि त्यातही माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. बेसलाइन (आलेखाची तळरेषा) हलते, रिटेन्शन टाइम (घटक बाहेर पडायला लागणारा वेळ) सरकतो, पीक (आलेखातला घटकाचा उंचवटा) दुभंगतो, अशा कुठल्याही तक्रारीत पहिली नजर प्रेशरवर टाका.

कारण सरळ आहे. कॉलम (बारीक कणांनी भरलेली, घटक वेगळे करणारी नळी) तोच, मोबाइल फेज (तिच्यातून वाहणारा द्रव) तोच, फ्लो (तो वाहण्याचा वेग) आणि तापमान तेच असेल, तर प्रेशरही तेच यायला हवं. ते बदललं, तर या चारांपैकी काहीतरी बदललंय किंवा वाटेत कुठे गळती नाहीतर अडथळा आहे. पण 'बदललं' म्हणायला मूळ आकडा हाताशी हवा. नवा कॉलम लावला की पहिल्याच दिवशी कोणत्या मोबाइल फेजला, किती फ्लोला, किती तापमानाला किती बार (प्रेशरचं एकक) आले, हे कॉलमच्या रजिस्टरमध्ये लिहा. कॉलमशिवाय, नुसत्या सिस्टिमचं प्रेशरही लिहा. हे दोन आकडे नसतील तर "प्रेशर जास्त दाखवतंय" या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

मेथनॉलचा ग्रेडियंट चालवणाऱ्यांनी, म्हणजे रन चालू असताना पाण्यातलं मेथनॉल वाढवत नेणाऱ्यांनी, एक लक्षात ठेवावं. 25 अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) साधारण 0.9 सेंटिपॉइज आणि मेथनॉलची 0.55. निम्मं-निम्मं मिसळलं की ती दीडच्याही वर जाते. त्यामुळे ग्रेडियंटच्या मध्यावर प्रेशर चढतं आणि पुढे उतरतं. हा बिघाड नव्हे. अ‍ॅसिटोनाइट्राइलमध्ये हा चढ फारसा जाणवत नाही.

आता प्रेशर खरोखरच वाढलं असेल तर काय करायचं? बरेच जण आधी कॉलम बदलतात. पन्नास-साठ हजारांचा कॉलम बाद ठरवण्याआधी दहा मिनिटं द्या. डिटेक्टरच्या बाहेरच्या टोकापासून सुरुवात करा आणि पंपाच्या दिशेनं एकेक जोड सोडत या. जो जोड सोडल्यावर प्रेशर एकदम खाली येईल, त्याच्या लगेच पुढचा, म्हणजे नुकताच वेगळा केलेला भाग तुंबलेला आहे. कधी तो कॉलमचा इनलेट फ्रिट (तोंडाशी असलेली सच्छिद्र चकती) असतो, कधी गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा संरक्षक कॉलम), कधी ऑटोसँपलरची, म्हणजे सँपल आपोआप आत सोडणाऱ्या भागाची, सुई किंवा नीडल सीट (सुईची बैठक). एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, गार्ड आणि सील एकदम बदललंत तर मशीन चालू होईल, पण बिघाड कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात तोच पुन्हा पुढे उभा राहील.

वाढलेल्या प्रेशरपेक्षा मला हेलकावे खाणारं प्रेशर जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. स्क्रीनवर प्रेशरचा आलेख मोठा करून बघा. पिस्टनच्या प्रत्येक स्ट्रोकबरोबर, ठरावीक तालात ते खाली-वर होत असेल, तर बिघाड पंप हेडपाशी आहे: हवेचा बुडबुडा, चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) किंवा पिस्टनभोवतीचा सील. आधी पर्ज करा, म्हणजे जास्त फ्लोनं द्रव बाहेर सोडून हवा काढा. तरी थांबलं नाही तर इनलेटची नळी पंपापासून सोडून बघा. बाटली वर असेल तर मोबाइल फेज नळीतून आपोआप वाहत यायला हवा. तो थेंब थेंब आला तर बाटलीतला फिल्टर तुंबलाय. तटस्थ पीएचचा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिठाचं द्रावण) उन्हाळ्यात दोन-तीन दिवस बाटलीत राहिला की हमखास असं होतं, त्यात जिवाणू वाढतात. रोज ताजा बफर करा, 0.45 मायक्रॉनमधून गाळा आणि जुन्या बाटलीत नवा बफर ओतू नका.

फिल्टर ठीक असेल तर चेक व्हॉल्व्हकडे या. आत माणकाची बारीक गोळी नीलमण्याच्या बैठकीवर बसते आणि द्रव उलटा जाऊ देत नाही. नुसतं अ‍ॅसिटोनाइट्राइल बराच काळ चालवलं की गोळी बैठकीला चिकटू लागते. व्हॉल्व्ह काढून मेथनॉलमध्ये किंवा आयसोप्रोपेनॉलमध्ये सॉनिकेट केला (अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी धुतला) की बहुतेक वेळा सुटतो. बसवताना फ्लोची दिशा बघा, उलटा बसला तर पंप ओढणारच नाही.

व्हॉल्व्ह गळत असेल तर फ्लो कमी पडतो आणि सगळेच पीक उशिरा येतात. पडताळणी सोपी आहे. फ्लो मिनिटाला 1 मिली ठेवा आणि 10 मिलीचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क भरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजा. कॉलम मात्र काढू नका. गळती प्रेशरखालीच उघडी पडते. कॉलम काढून मोजलं तर पंप निर्दोष वाटेल.

आणि मीठ. पंप हेडच्या मागच्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर ती पुसून पुढे जाऊ नका. सीलमधून निसटलेला बफर पिस्टनवर वाळून त्याचे स्फटिक झालेत. दर स्ट्रोकला ते सीलमध्ये घासले जातात, सील फाटतो आणि शेवटी पिस्टनवरही चरे पडतात. सील वॉशची बाटली याचसाठी असते. त्यात पाण्यात दहा टक्के आयसोप्रोपेनॉल ठेवा आणि ती कोरडी पडू देऊ नका. रात्री बफर भरलेलं मशीन बंद करून घरी जाणं मला तरी माफ करवत नाही. तसंच फॉस्फेट बफरवरून थेट शंभर टक्के अ‍ॅसिटोनाइट्राइलवर उडी मारू नका. मीठ तिथल्या तिथे, नळीत आणि फ्रिटमध्ये साचतं. आधी 90 भाग पाणी आणि 10 भाग मेथनॉल मिनिटाला 1 मिलीनं अर्धा तास चालवा. 250 बाय 4.6 मिमीच्या कॉलममध्ये मोकळी जागा साधारण अडीच मिली, म्हणजे 30 मिलीत तो बारा वेळा धुतला जातो. मग ऑरगॅनिक वाढवा आणि त्यातच कॉलम ठेवा.

पीकच्या आकाराबद्दल थोडक्यात. सगळेच पीक दुभंगले तर कॉलमच्या तोंडाशी पोकळी झाली असेल किंवा फ्रिट अर्धवट तुंबला असेल. फक्त सुरुवातीचे बिघडले तर सँपल कशात विरघळवलाय ते बघा, डायल्युएंट, म्हणजे तो द्रव, मोबाइल फेजपेक्षा जास्त स्ट्राँग (घटकांना लवकर पुढे ढकलणारा) असेल. नळीचं टोक फिटिंगमध्ये शेवटपर्यंत टेकलं नसेल तरी पीक पसरतात. एका कंपनीच्या कॉलमवर बसलेला स्टीलचा फेरुल (नळीवर घट्ट बसणारी कडी) दुसऱ्या कंपनीच्या कॉलमला तसाच लावल्यावर हे हटकून होतं.

आता मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येतो. रिझल्ट स्पेसिफिकेशनबाहेर, म्हणजे औषधाला ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर, गेला की लॅबमध्ये धावपळ सुरू होते आणि कोणीतरी सहज म्हणतं, "मशीनचा प्रॉब्लेम असेल, पुन्हा इंजेक्ट कर." 1993 मध्ये अमेरिकेतल्या बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात कोर्टानं हेच रोखलं. पास होईपर्यंत तपासत राहणं म्हणजे तपासणी नव्हे. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिनं 2006 मध्ये दिलेलं मार्गदर्शनही तेच सांगतं: पहिला रिझल्ट बाजूला ठेवायचा तर ठोस कारण दाखवावं लागेल. मशीनवर नुसता संशय पुरत नाही. त्या विशिष्ट इंजेक्शनच्या वेळी प्रेशर कोसळलं होतं, हवा आली होती, हे आलेखात दिसत असेल तर ते कारण. प्रेशर सरळ रेषेत असेल, तर किमान पंपाकडे बोट दाखवता येणार नाही, आणि औषधाच्या गोळीतच दोष असण्याची शक्यता तितक्याच गांभीर्यानं तपासावी लागेल. ती गोळी कुणीतरी आजारी माणूस घेणार आहे. सीक्वेन्स (एकामागून एक लावलेली इंजेक्शनं) मध्येच थांबवलात तर का थांबवलात ते त्याच वेळी लिहा, आणि अर्धवट झालेली रन पुसू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्रोमॅटोग्रामबरोबर (पीकच्या आलेखाबरोबर) प्रेशरचा आलेख साठवायची सोय असते. उद्या लॅबमध्ये गेलात की आपल्या मेथडमध्ये ती चालू आहे का, ते आधी बघा.