‘नीट बोल’ म्हणण्याआधी

“ताती, दादी तुथंय?”

बीड जिल्ह्यातली अंगणवाडी. साडेचार वर्षांचं हे लेकरू विचारतंय, “काकी, गाडी कुठंय?” पुन्हा विचारतं. कुणालाच उमगत नाही. मग शेजारच्या पोराच्या दंडाला कडकडून चावा. घरी-दारी एकच शिक्का: लई हट्टी हाय.

चार वर्षांच्या मुलाचं बहुतेक बोलणं परक्यालाही कळायला हवं. ‘र’, ‘ळ’ उशिरा बसतात, त्यांची घाई नको. पण ‘क’च्या जागी ‘त’ आणि ‘ग’च्या जागी ‘द’ येणं एव्हाना थांबायला हवं. रोज आपलं म्हणणं वाया जायला लागलं की काही मुलं मारतात, चावतात. काही बोलायचंच सोडतात. आम्हाला जास्त काळजी या गप्प मुलांची वाटते, कारण त्यांची तक्रार कुणी करत नाही. सगळाच राग बोलण्यातून येतो असंही नाही. काहींना चंचलतेचा त्रास वेगळा असतो, तोही तपासावा लागतो.

आधी कान तपासायचे. कान वाहत असला, आत पाणी साचलं असलं, तर आवाज अर्धवट पोचतो. जिभेला वेखंड लावून त्यावर इलाज होत नाही.

वाचा-उपचाराच्या खोलीत टेबलावर दोन चित्रं आहेत, कार आणि तार. लेकराला कार हवीय, तोंडून येतं “तार”. उपचार करणाऱ्या ताई तारेचं चित्र हातात देतात. ते थबकतं, चित्राकडं बघतं, ताईंकडं बघतं. आपल्या एका आवाजानं वस्तूच बदलली, हे त्याचं त्याला कळतं. मग जिभेचा शेंडा खाली, मागचा भाग वर टाळूला, आणि “क्”.

घरी दहादा म्हणवून घेऊ नका. “हो, गाडी कुठंय बरं?” असं म्हणून शब्द कानावर घाला अन् गाडी द्या.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, मोफत. पण दिवाळीच्या आगंमागं टोळ्या ऊसतोडीला निघतात. लेकरं फडावर, तपासणी हुकते, चालू उपचारही तुटतो. म्हणून गाव सोडण्याआधीच अंगणवाडीताईंना सांगा, केंद्रातून चित्रं आणि सरावाचा कागद मागून घ्या. आई-बाप तोडणीला गेल्यावर लेकरू ज्या आजीजवळ, बहिणीजवळ राहतं, तिलाही तो सराव दाखवून ठेवा. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत बसूनही तो होतो.