कन्नूरच्या शेडमधली मालकी

(सुरुवात शेडमधल्या आवाजावर. कात्र्यांची करकर पंधरा सेकंद तशीच ठेवावी, मग निवेदन.)

डाव्या हातात ओलसर पान. पानावर पत्र्याचा छोटा साचा. साच्याच्या कडेनं कात्री फिरते, जाड शिरा बाजूला पडतात आणि पानाचा नेमका तेवढा तुकडा हातात उरतो.

पान टेंभुर्णीचं. मध्य भारतातल्या जंगलांतून ते पोत्यांनी इथं येतं. कोरडं असताना चुरगाळलं तर मोडतं, म्हणून आधी भिजवायचं, निथळायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पान बरोबर मऊ झालंय का, हे जुन्या कामगाराला नुसत्या स्पर्शानं कळतं.

आता मांडीवरचं सूप बघा. एका बाजूला कापलेल्या पानांची चळत, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पानात चिमूट ठेवली, अंगठा आणि तर्जनीनं वळलं, जाड टोक आत दुमडलं, निमुळत्या बाजूला दोऱ्याचे दोन वेढे. झाली विडी. तंबाखू जास्त झाला तर ओढ बसत नाही, कमी झाला तर विडी विझते. हिशेब सगळा बोटांत. मजुरी हजारावर मोजतात, त्यामुळे इथं कुणी मान फारशी वर करत नाही.

(बोटांचं जवळून घेतलेलं दृश्य. निवेदन थांबवावं.)

उत्तर केरळातला हा कन्नूर जिल्हा. भांडवलशाहीला पर्याय कोणता, या प्रश्नावरचा माहितीपट विडीच्या शेडमधून का सुरू करायचा, असं कुणी विचारील. समाजवाद म्हटलं की डोळ्यांसमोर मॉस्को येतं, पंचवार्षिक योजना येतात, रिकाम्या फळ्यांच्या दुकानांपुढच्या रांगा येतात. 1991 साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि वाद संपला, असं तेव्हापासून आपल्याला सांगितलं जातं. सगळं सरकारच्या मालकीचं करून पाहिलं, जमलं नाही, विषय मिटला.

पण सरकार म्हणजेच समाज, हे ठरवलं कुणी? मॉस्कोतल्या कार्यालयात बसून कारखान्यांना आकडे बांधून देणारा अधिकारी आणि दूरच्या शहरात बसून कारखाना चालवणारा शेठ, या दोघांत यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनं फरक किती? त्याला दोन्हीकडे हुकूमच यायचा. युगोस्लाव्हियानं 1950 साली कायदा करून कारखान्यांत कामगारांच्या समित्या आणल्या. स्पेनच्या बास्क प्रांतात, मोंद्रागोनमध्ये, 1956 साली पाच तरुणांनी कामगारांच्याच मालकीचा स्टोव्हचा कारखाना उभा केला, आज त्याचं मोठं सहकारी जाळं आहे. ही समाजवादाची दुसरी वाट. ती वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारशी आली नाही, पण बंदही पडली नाही. आपल्याकडे ती कशी दिसते, ते पाहायला कन्नूरला यावं लागतं.

(शेडच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारी व्यक्ती. आधी वाचनाचा आवाज, मग हळूहळू कमी.)

हे वाचन कामाच्या वेळेतच चाललं आहे. विडीकामात हात अडकलेले असतात, कान मोकळे. त्यामुळे कन्नूरच्या विडीशेडमध्ये पूर्वीपासून एकानं मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचं आणि बाकीच्यांनी हात चालू ठेवायचे, अशी पद्धत होती. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून त्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण आपसांत वाटून वळून द्यायचे. मालकानं दिलेली ही सवलत नव्हती, कामगारांनी आपापसात लावलेली व्यवस्था होती. अक्षरओळख नसलेला माणूसही संध्याकाळी घरी जाताना जगाच्या बातम्या घेऊन जायचा आणि बातमीवर वाद घालायचा. 1930 च्या दशकात इथं विडी कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या, संप झाले, आणि कम्युनिस्ट पक्षाची या भागातली पहिली भरती ज्या लोकांतून झाली त्यांत विडी कामगार बरेच होते. पुढं काय घडलं ते समजायचं असेल तर हे वाचन लक्षात ठेवायला हवं. सहकारी संस्था कागदावर नोंदवायला दिवस लागतात. सभेत उठून बोलणारी माणसं घडायला दशकं लागतात, आणि ती कन्नूरमध्ये आधीच घडलेली होती.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1966 साली संसदेनं विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. कामाचे तास ठरले, भरपगारी रजा आली, कामाच्या जागेसाठी परवाना सक्तीचा झाला. ठेकेदाराच्या आडून काम करून घेतलं तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटणार नाही, हेही त्यात आलं. ठेकेदारीचा खेळ जुना होता. पान कमी द्यायचं, विड्या पूर्ण मागायच्या, आणि आणून दिलेल्या विड्यांतून ‘छाट’ म्हणून मूठभर बाजूला काढायच्या. छाटेची मजुरी नाही. छाट परतही नाही.

कायदा देशभराचा होता, पण अंमलबजावणी राज्यांकडे. केरळात 1967 साली कम्युनिस्ट नेते ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं सरकार आलं आणि त्या सरकारनं कायदा खरोखर लागू करायला घेतला. मंगळूरच्या ज्या बड्या कंपन्या कन्नूरमध्ये विड्या वळून घेत होत्या, त्यांनी यावर सरळ हिशेब केला. 1968 च्या ऑक्टोबरात त्यांनी इथलं काम बंद केलं. सुमारे 12,000 कामगार घरी बसले.

बंद करण्याचा हा अधिकार नीट पाहिला पाहिजे. शेड कन्नूरची, हात कन्नूरचे, कसब कन्नूरचं. मंगळूरहून आणलेली गोष्ट म्हणाल तर पानं, तंबाखू, छापील लेबल आणि निर्णय. त्यांतला शेवटचा काढून घेतला की बाकी सगळं जागच्या जागी असूनही चूल पेटत नाही. भांडवलशाही म्हणजे काय, यावर जाडजूड ग्रंथ आहेत; त्या ऑक्टोबरात कन्नूरच्या माणसाला त्यांची गरज पडली नाही.

मोर्चे झाले, निवेदनं दिली गेली. कंपन्या मागे येईनात. तेव्हा उद्योगमंत्री टी. व्ही. थॉमस यांच्या खात्यातून आणि कामगार संघटनांच्या चर्चेतून एक योजना पुढं आली: कामगारांनीच सहकारी संस्था काढायची. भागभांडवलासाठी आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सरकारनं कर्ज दिलं. कारखाना सरकारी झाला नाही, हे महत्त्वाचं. सरकारी विडी कारखाना काढणं त्या सरकारला अवघड नव्हतं, आणि मग कामगारांना एक नवा साहेब मिळाला असता. 15 फेब्रुवारी 1969 रोजी केरळ दिनेश विडी कामगारांची मध्यवर्ती सहकारी संस्था सुरू झाली. सुरुवातीला जेमतेम 3,000 कामगारांना काम मिळालं. 1980 च्या दशकात सभासदांची संख्या 42,000 वर गेली.

(पानांच्या गोदामाची दृश्यं. वजनकाटा. पोती उघडताना.)

कारभाराची रचना दोन मजली. खाली प्राथमिक संस्था, त्यांच्या शेड गावोगाव पसरलेल्या. वर कन्नूरला मध्यवर्ती संस्था. पान आणि तंबाखूची खरेदी वरून होते, विक्री आणि जाहिरातही वरून. वळण्याचं काम खाली. प्राथमिक संस्थेवरचे बहुतेक संचालक कामगार स्वतःतून निवडतात, थोडे सरकारनं नेमलेले. हिशेबाची वही सर्वसाधारण सभेपुढं येते.

पण मुकादमच नाही असं समजू नका, आहे. तो विड्या तपासतो, पान तोलून देतो, वाईट वळलेली विडी परत करतो. 1900 च्या आसपास रोझा लक्झेंबर्ग या मार्क्सवादी विचारवंत बाईनं सहकारी कारखान्यांवर कडक टीका केली होती: बाजारात टिकायचं तर कामगारांना स्वतःवरच मालकासारखं राज्य करावं लागेल. टीका खोटी नाही. तरी शेडमध्ये बसल्यावर एक फरक दिसतो. इथल्या मुकादमाबद्दलची तक्रार जिथं जाते, तिथं बसलेला माणूस तक्रार करणाऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला असतो. पानांची वाटणी कशी व्हावी, किती विड्या नापास करायच्या, यावर भांडणं होतात, मोठ्या आवाजात होतात, आणि त्यासाठी कुणाची नोकरी जात नाही. किमान वेतन, महागाई भत्ता, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, सुट्टीचा पगार, बाळंतपणाची रजा, पुढं निवृत्तिवेतन. विडीधंद्यात या शब्दांची यादी इतरत्र कुठं एका दमात वाचता येत नाही.

(शेडमधल्या बाईंचं मनोगत इथं पूर्ण घ्यावं. निवेदन नको.)

विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांचं आणि वळणाऱ्याच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुळीचं काय, हा प्रश्न आहेच. कामगारांच्या मालकीची झाली म्हणून विडी औषध ठरत नाही. 1999 साली केरळ उच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली, 2003 साली तंबाखूविरोधी केंद्रीय कायदा आला, खप उतरला, आणि 42,000 ची संख्या काही हजारांवर आली.

(छत्र्यांचा विभाग, कापडाची शिलाई, नारळाच्या दुधाची भरणी. वेगानं कापलेली दृश्यं.)

त्यातही मंगळूरचा जुना हिशेब इथं कुणी लावला नाही. काम घटलं म्हणून एका सकाळी कुलूप लागलं नाही. माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागी भरती झाली नाही, आणि 1990 च्या दशकाच्या शेवटापासून संस्थेनं विडीतून कमावलेला पैसा दुसऱ्या धंद्यांत घातला. मसाले, लोणची, नारळाचं दूध, छत्र्या, शिवलेले कपडे, सॉफ्टवेअरसुद्धा. सगळेच धंदे विडीएवढ्या हातांना काम देतील, असं नाही. विडीइतकं हातकाम या नव्या धंद्यांत नाही. पण नफा कुठं गुंतवायचा, हे ज्यांच्या घामातून नफा आला त्यांनी निवडून दिलेल्या मंडळानं ठरवलं, एवढी गोष्ट तरी कागदोपत्री तपासून घेता येते.

शेवटी बाजाराबद्दल. दिनेश विडीची स्पर्धा सिगारेटशी आहे तितकीच दुसऱ्या विडीशी आहे. 1966 चा कायदा इतर राज्यांतही लागू झाला होता. तिथल्या मालकांनी शेड बंद केल्या आणि पानं ठेकेदारामार्फत घरोघरी वाटली. उंबऱ्यात बसून विड्या वळणारी बाई कायद्याच्या पुस्तकात कामगार आहे, पण ठेकेदाराच्या वहीत बऱ्याचदा तिचं नावही नसतं. तिची विडी स्वस्त पडते. बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी देणाऱ्या शेडची विडी महाग पडते. दोन्ही एकाच टपरीवर, एकाच फळीवर.

1864 साली कार्ल मार्क्सनं कामगारांच्या सहकारी कारखान्यांचं तोंड भरून कौतुक केलं होतं, मालकाशिवाय मोठं उत्पादन होऊ शकतं हे त्यांनी दाखवून दिलं म्हणून. त्याच भाषणात त्यानं बजावलंही होतं की असे कारखाने सुटेसुटे राहिले तर मक्तेदारीचं काही बिघडत नाही. कन्नूरच्या शेडनं यातला पहिला भाग पन्नासहून अधिक वर्षं चालवून दाखवला. दुसऱ्या भागासाठी शेड अपुरी आहे. त्यासाठी घरी बसून विडी वळणारीचं नाव वहीत यावं लागेल, तिला तोच दर मिळावा लागेल, आणि ते काम कन्नूरच्या बाहेरचं आहे.

(नामावली.)