अधिकाराविना शोध: खासगी गुप्तहेराचे काम

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आपल्या देशात खासगी गुप्तहेराला कायद्याने कोणताही विशेष अधिकार दिलेला नाही, ही गोष्ट सर्वांत आधी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या व्यवसायाचे सारे स्वरूप तिच्यावरच ठरते. तो कोणाला जबाबासाठी बोलावू शकत नाही, कोणाच्या घराची झडती घेऊ शकत नाही, बँकेकडून खातेउतारा किंवा दूरसंचार कंपनीकडून कॉलचा तपशील मागू शकत नाही. सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे. गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक मात्र 2007 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, रेंगाळले आणि अखेर मागे घेण्यात आले. त्यामुळे सामान्य नागरिकाला जे पाहण्याची, विचारण्याची आणि टिपून ठेवण्याची मुभा आहे, तेवढ्यातच आम्हाला काम करावे लागते. पण ही चौकट लोकांना वाटते तितकी लहान नाही.

मुंबईतील पगडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन अल्प भाड्यावर घेतलेल्या, खोल्यांचे दावे हे याचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 नुसार, दावा दाखल होण्यापूर्वीचे सलग सहा महिने भाडेकरूने सबळ कारणाशिवाय जागा ठरलेल्या कारणासाठी वापरली नसेल, तर घरमालक ताबा मागू शकतो; बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे हेही ताबा मागण्याचे एक कारण आहे. असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात आणि त्यांचा निकाल बऱ्याचदा अगदी साध्या गोष्टींवर लागतो. गिरगावातल्या एखाद्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची खोली बंद आहे असे घरमालक सांगतो, तेव्हा आमचा माणूस वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी तिथे जातो. कुलूप तेच आहे का, कडीवर धूळ साचली आहे का, गॅलरीत कपडे वाळत आहेत का, विजेच्या मीटरचा आकडा पुढे सरकतो का, हे तो तारीख-वेळेसह वहीत लिहितो. दूधवाला आणि पेपरवाला पुष्कळ काही सांगतात, पण त्यांचे म्हणणे आमच्या तोंडून न्यायालयात गेले तर ती ऐकीव माहिती ठरते. म्हणून साक्षीला उभा राहील असा शेजारी शोधणे, हेच खरे कष्टाचे काम असते. दरम्यान नोंदणी कार्यालयातल्या इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदलेल्या खरेदी-विक्रीच्या, उताऱ्यावरून त्याच कुटुंबाने डोंबिवलीत किंवा विरारला घर घेतल्याचे दिसते आणि तिथल्या मतदार यादीत तीच नावे सापडतात. वीजबिले भाडेकरूच्या नावाची असल्याने ती आम्ही मागू शकत नाही. वकील न्यायालयामार्फत ती मागवून घेतात.

आणि कधी कधी दिसते ते वेगळेच. खोलीला दिवसभर कुलूप असते, पण रात्री नातू येऊन अभ्यास करतो आणि तिथेच झोपतो. ही नोंद आमच्या अशिलाच्या विरोधात जाते, तरीही ती अहवालात आलीच पाहिजे. अशिलाला आवडेल तेवढेच लिहिणारा गुप्तहेर त्याचे पैसे तर घेतोच, शिवाय त्याला हरणाऱ्या दाव्यात ढकलतो.

बनावट मालाचे काम याहून वेगळे. नामांकित कंपनीच्या नावाने खोटे सुटे भाग किंवा प्रसाधने विकणाऱ्या दुकानातून आम्ही ग्राहक म्हणून नमुना विकत घेतो, शक्य असेल तर बिल घेतो, वस्तू मोहोरबंद करतो आणि खरेदी करणारा माणूस प्रतिज्ञापत्र देतो. त्यानंतर कंपनी उच्च न्यायालयात जाते आणि न्यायालयाने नेमलेला अधिकारी, म्हणजे रिसीव्हर, माल ताब्यात घेतो. या साखळीतला आमचा भाग छोटा आहे, पण माल दुकानात नसून मागच्या गोदामात आहे एवढे जरी नेमके कळले नाही, तरी पुढची सगळी कारवाई फसते.

विमा कंपन्यांची कामे पुष्कळ असतात. आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर तिला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही, असे विमा कायद्याचे कलम 45 सांगते. साहजिकच त्याआधी आलेल्या मृत्युदाव्यांची चौकशी बारकाईने होते. हुकूमनामा हाती असूनही वसुली होत नसलेल्या माणसाला ऋणकोची मालमत्ता शोधून देणे, हेही नेहमीचे काम. सातबारा, फेरफार, मालमत्तापत्रक आणि कंपन्यांच्या संचालकांच्या नोंदी धीराने वाचणाऱ्याला त्यात पुष्कळ सापडते.

लग्नापूर्वीच्या चौकशीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचे आहे. स्थळाची चौकशी आपल्याकडे पूर्वी मामा-काका करत असत; गाव एक, ओळखी जुन्या, त्यामुळे दोन घरी चहा घेतला की बरेचसे कळत असे. आता मुलगा पुण्यात शिकलेला, आईवडील लातूरला आणि नोकरी कॅलिफोर्नियात, अशी स्थिती असते. नोकरी खरी आहे का, पदवी खरी आहे का, पूर्वी लग्न झाले होते का, हे विचारण्याचा मुलीच्या घरच्यांना पूर्ण हक्क आहे असे मी मानतो. तिथली माहिती आम्ही तिथल्या परवानाधारक अन्वेषकाकडून घेतो. कॅलिफोर्नियात हा परवाना मिळण्यासाठी 6,000 तासांचा अनुभव आणि परीक्षा लागते. परंतु मुलीच्या जुन्या मैत्रीचा माग काढा, तिची वैद्यकीय कागदपत्रे मिळवा, अशी मागणी आली तर ते काम स्वीकारू नये, हे माझे ठाम मत आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले आहे, आणि लग्न ठरायच्या आधीही ती मुलगी त्या हक्काची धनी असते.

याच ठिकाणी व्यवसायाची बदनामीही होते. 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. घटस्फोटाच्या दाव्यात जोडीदाराचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिल्यापासून अशिलांच्या अपेक्षा आणखी वाढल्या आहेत. पुरावा ग्राह्य ठरला म्हणून तो मिळवताना केलेला गुन्हा माफ होत नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा समजावावे लागते. दुसऱ्याच्या फोनमध्ये ॲप टाकणे, गाडीला चोरून जीपीएस लावणे, स्त्रीचा तिच्या इच्छेविरुद्ध सतत पाठलाग करणे, या गोष्टी ज्याने केल्या तो आणि ज्याने पैसे देऊन करवून घेतल्या तो, असे दोघेही अडचणीत येतात.

म्हणून कोणी माझ्याकडे सल्ला मागितला, तर मी सांगतो की काम देण्यापूर्वी लेखी करार करा, कोणती माहिती आणि कोणत्या मार्गाने मिळवणार हे त्यात लिहून घ्या, आणि पाळतीवर जाणारा माणूस साक्ष द्यायला येईल का, हे विचारा. छायाचित्र किंवा चित्रफीत न्यायालयात द्यायची असेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा संगणकीय ठसाही, नोंदवावे लागते; ते नंतर घाईने तयार करण्यापेक्षा मूळ फाइल पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी. ‘‘तुमच्या नवऱ्याचे सगळे कॉल आठवड्यात काढून देतो,’’ असे जो पहिल्याच भेटीत सांगतो, त्याच्या कार्यालयातून त्याच पावली परत या.